मत कुजवावे काय?



निवडणूक जवळ आली की आपल्या विहारात वंदनेनंतर एक चर्चा हमखास निघते. एक जण म्हणतो, "आपला माणूस निवडून येत नाही, मग त्याला मत देऊन ते वाया का घालवायचे?" दुसरा म्हणतो, "पैसे सगळ्यांचे घ्या, मत द्यायचे त्यालाच द्या." तिसरा म्हणतो, "बौद्धाने या चिखलात पाऊलच टाकू नये." हे तिघेही पंचशील घेणारे, तिघेही बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे हात जोडणारे. मग यात धम्म कोणाच्या बाजूला आहे? मी शाळामास्तर आहे, निवडणुकीच्या कामावर जाणारा माणूस आहे. कोणाला मत द्या, हे मी सांगणार नाही. मत कसे द्यावे, एवढ्याच प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

निवडणूक एकतर्फी असते तेव्हा मतदाराला फारसे कोणी विचारीत नाही. पण जिल्हा दुभंगलेला असतो, दोन्ही पारडी जवळजवळ सारखी असतात, तेव्हा एकेका मताला मोल येते. भंडारा जिल्ह्यातील साकोली मतदारसंघाचे उदाहरण घ्या. 2024 च्या विधानसभा निवडणुकीत तेथे काँग्रेसचे नाना पटोले केवळ 208 मतांनी निवडून आले. दोघाही प्रमुख उमेदवारांना नव्वद हजारांवर मते होती. कर्नाटकात संथेमरहळ्ळी या राखीव मतदारसंघात 2004 साली निकाल एका मताने लागला. म्हणजे एखाद्या छोट्या वस्तीने, किंबहुना एका घराने, निकाल फिरविला असता.

मताला मोल आले की मोह येतो, आणि भीतीही येते. आपली परीक्षा नेमकी तेथे असते.

हे मत आपल्याला फुकट मिळालेले नाही, हे प्रथम ध्यानात घ्या. इंग्रजांच्या काळात मालमत्ता आणि शिक्षण असेल त्यालाच मत होते. ज्याला गावाने जमीनही दिली नाही आणि शाळेची पायरीही चढू दिली नाही, त्याने ते मत आणावे कोठून? 1919 साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला, तेव्हा त्यांचे वय अवघे 27 वर्षांचे होते. पुढे संविधानाने प्रत्येक प्रौढाला एक मत आणि प्रत्येक मताला एकच मूल्य दिले. माझ्या आजोबांच्या अंगठ्याचे आणि त्यांच्या मालगुजाराच्या सहीचे वजन मतपेटीत सारखे झाले. गावात दुसऱ्या कोणत्याही ठिकाणी ते सारखे नव्हते.

आता 1952 कडे वळू. त्या वेळी काही मतदारसंघ दुहेरी होते. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. मतदाराला दोन मते असत, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. मुंबई उत्तर मतदारसंघात राखीव जागेसाठी बाबासाहेब उभे होते. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांनी त्यांचा सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभव केला. त्या निवडणुकीत सत्तर हजारांहून अधिक मते बाद झाली. एक मत आपल्या माणसाला द्यावे आणि दुसरे मुद्दाम फुकट घालवावे, अशी शिकवण मतदारांना दिली गेली, असा आरोप कम्युनिस्टांवर झाला. बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी निवडणूक याचिकाही केली. मराठीत या प्रकाराला तेव्हापासून नाव पडले आहे, मते कुजविणे. शब्द शेतकऱ्याचा आहे. जे धान्य पेरले तर उगवले असते, ते ओल लावून मुद्दाम नासवायचे.

दोन वर्षांनी, 1954 साली, भंडाऱ्याची पोटनिवडणूक आली. भंडारा तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होते. हाही दुहेरी मतदारसंघ. राखीव जागेसाठी बाबासाहेब, सर्वसाधारण जागेसाठी मित्रपक्षाचे अशोक मेहता. कार्यकर्त्यांनी गणित मांडले. आपल्या लोकांचे दुसरे मत मेहतांना गेले तर मेहता वर जातील, पण मेहतांच्या बाजूची सवर्ण मते बाबासाहेबांना पडतीलच याची खात्री काय? त्यापेक्षा आपल्या लोकांनी दुसरे मत कुजवावे, म्हणजे मतांच्या क्रमात बाबासाहेब वर राहतील. गणित चुकीचे नव्हते. त्या काळच्या कार्यकर्त्यांच्या आठवणींतून आलेली हकीकत अशी की, बाबासाहेबांनी हा सल्ला साफ नाकारला. पराभव पत्करीन, पण मत कुजवा असे लोकांना सांगणार नाही, ही त्यांची भूमिका होती. निकाल लागला. अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून सुमारे आठ हजार मतांनी पडले.

वाचकहो, येथे थोडे थांबा. मते कुजविण्याचा घाव ज्याला बसला, त्याच्या हाती दोनच वर्षांनी तेच शस्त्र आले होते. ते वापरणे कायद्याने गुन्हा नव्हता. "त्यांनी केले, म्हणून आम्ही केले" असे म्हणण्याची पूर्ण सोय होती. तरीही ते शस्त्र त्यांनी उचलले नाही. ज्या मतासाठी 1919 पासून झगडा केला, ते आपल्याच हाताने नासविण्यास आपल्याच लोकांना शिकविणे, ही त्यांच्या लेखी जागा गमावण्यापेक्षा मोठी हानी होती. धम्मदीक्षा अद्याप दोन वर्षे दूर होती, पण साधन शुद्ध ठेवण्याचा धम्म भंडाऱ्यात दिसला होता.

मतदान ही पश्चिमेकडून आलेली गोष्ट आहे असे समजू नका. भिक्खुसंघात वाद मिटला नाही तर शलाका वाटून बहुमत घेत. संविधान सभेतील 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात बाबासाहेबांनी संघाच्या या पद्धतीचा मुद्दाम उल्लेख केला. शलाका वाटणारा भिक्खू कसा असावा, हे विनयात सांगितले आहे. तो छंदाने, द्वेषाने, मोहाने आणि भयाने न जाणारा असावा. यांनाच चार अगती म्हणतात. सिगालोवाद सुत्तात याच चार अगती गृहस्थालाही सांगितल्या आहेत. मग आज मताचे बटण दाबणाऱ्या गृहस्थाला त्या का लागू नसाव्यात? आपल्या जातीचा, आपल्या नात्याचा, म्हणून मत दिले तर तो छंद. केवळ दुसऱ्याची जिरविण्यासाठी दिले तर तो द्वेष. पाकिटासाठी किंवा खोट्या वचनाला भुलून दिले तर तो मोह. मालकाच्या, ठेकेदाराच्या धाकाने दिले तर ते भय.

हे लिहिणे सोपे आहे. आमच्या वस्तीत काय घडले ते सांगतो. विहारावरचे पत्रे गळत होते. एका निवडणुकीच्या आधी एका उमेदवाराचा माणूस आला आणि म्हणाला, स्लॅब टाकून देतो, वस्तीने एकगठ्ठा मते द्यावीत. विहारात बैठक बसली. वडीलधारे म्हणाले, "पैसा त्यांच्या बापाचा नाही, आपल्याच कराचा आहे. घ्या." तरुण म्हणाले, "बुद्धाच्या डोक्यावर लाचेचे छप्पर नको." हात वर करून मत घेतले. नकार 11, होकार 9. दोघे जण त्यानंतर पुष्कळ दिवस वंदनेला आले नाहीत.

पुढे पाकिटे घरोघर आलीच. एका वृद्ध मावशीला मी उपदेश करू लागलो. त्या म्हणाल्या, "गुरुजी, तुमचा पगार एक तारखेले होते. माह्या चुलीले कोण पगार देते?" मजजवळ उत्तर नव्हते. आजही पूर्ण नाही. दहा दिवस काम नसलेल्या मजुराने घेतलेले पाचशे रुपये आणि ते वाटणाऱ्याचे लाखो रुपये एकाच तराजूत तोलणे हा अन्याय होय. मात्र "पैसे घ्या, मत मनासारखे द्या" हेही मला पटत नाही. त्यात देणाऱ्याला आपण खोटे सांगतो, स्वतःला विकाऊ म्हणवून घेतो, आणि उद्या रस्त्याचा, पाण्याचा प्रश्न घेऊन गेलो की "तुमचे पैसे दिले आहेत" हे ऐकण्याची पाळी येते. तेव्हा उपदेशाआधी चूल सांभाळली पाहिजे. आम्ही आता दर रविवारी घरटी 20 रुपये गोळा करतो. त्यातून काही पत्रे बदलले, अडचणीच्या घराला धान्य दिले. रक्कम लहान आहे, पण भय आणि मोह या दोन अगतींवर औषध तेथूनच सुरू होते.

उरला पहिला प्रश्न. हरणाऱ्याला दिलेले मत कुजते काय? 1954 साली भंडाऱ्यात बाबासाहेबांना पडलेली लाखाहून अधिक मते कुजली, असे म्हणण्याची कोणाची छाती आहे? विचारपूर्वक दिलेले मत हरले तरी उभे राहते. पण याची दुसरी बाजूही आहे. कोणाच्या तरी पैशावर, कोणाची तरी मते खाण्यासाठी उभ्या केलेल्या उमेदवाराला निळा झेंडा पाहून मत देणे हे कुजविणेच होय. आणि जेथे 208 मतांनी निकाल लागतो, तेथे "मी आपला स्वच्छ राहिलो" या समाधानासाठी परिणामाकडे डोळेझाक करणे हाही एक मोहच आहे. मोठा अनर्थ टाळण्यासाठी विचाराने दुसऱ्याला मत देणाऱ्याला गद्दार म्हणू नका, आणि निष्ठेने आपल्याला देणाऱ्याला मूर्ख म्हणू नका. घरी बसणाऱ्याला मात्र विचारा. 2013 पासून मतयंत्रावर "वरीलपैकी कोणीही नाही" हेही बटण आहे. नापसंती सांगायची तरी केंद्रापर्यंत चालत जावे लागते.

तथागतांनी चेतनेलाच कम्म म्हटले. मतयंत्रापुढे माणूस एकटा असतो. मालक नसतो, पुढारी नसतो, नवरा नसतो, गुरुजीही नसतो. चेतना तेथे जशी असेल तसे ते मत.

म्हणून एक विनंती. पुढच्या निवडणुकीआधीच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर उमेदवारांची नावे घेऊ नका. छंद, द्वेष, मोह, भय हे चार शब्द फळ्यावर लिहा आणि प्रत्येकाने मनातल्या मनात स्वतःला तपासावे. मग ज्याने त्याने आपल्या बुद्धीने मत द्यावे. निकालाच्या दुसऱ्या दिवशी जिंकलेल्या आणि हरलेल्या दोघांनीही वंदनेला यावे. आमच्या वस्तीतले ते दोघे आता पुन्हा येऊ लागले आहेत. पत्रे अजून दोन ठिकाणी गळतात.

जयभीम!