गुरूची सन्मुखता

सूफी संप्रदायात ‘तवज्जुह’ असा एक पारिभाषिक शब्द आहे. अरबीत ‘वज्ह’ म्हणजे मुख. त्यावरून तवज्जुह म्हणजे मुख वळविणे, सन्मुख होणे. गुरूने इतर सर्व व्यवधाने दूर सारून आपले अंतःकरण शिष्याकडे वळवावे, ही नक्शबंदी परंपरेत एक साधनाच मानिली आहे.

या सन्मुखतेचा एक सुंदर प्रसंग चिश्ती परंपरेत आढळतो. दिल्लीचे हजरत निजामुद्दीन अवलिया यांची संभाषणे त्यांचे शिष्य अमीर हसन यांनी इ. स. १३०८ ते १३२२ या काळात ‘फवाइदुल फुआद’ या ग्रंथात लिहून ठेविली. पुढे हसन दख्खनमध्ये आले. त्यांची कबर खुलताबादेस आहे. गुरूंनी ती टिपणे पाहिली तेव्हा काही जागा कोऱ्या आढळल्या. जे शब्द ठाऊक नव्हते ते शिष्याने कल्पनेने भरले नव्हते. गुरूंनी दोष न देता त्या जागा स्वतः पूर्ण करून दिल्या.

हे प्रेमळ अवधान शाळेत आणता येईल काय? वकिली सोडून शिक्षणाकडे वळलेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगर येथे बालमंदिर काढले. ते काही सूफी नव्हते. त्यांची प्रेरणा माँटेसोरीबाईंची. परंतु धाक व शिक्षा वर्ज्य करून प्रत्येक मुलाकडे निरखून पाहावे, हा त्यांचा आग्रह त्याच जातीचा होता. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे तोच प्रवाह ग्रामीण बालकांपर्यंत नेला.

तथापि येथे एक भेद विसरता कामा नये. मुरीद स्वेच्छेने गुरूकडे येतो आणि जाणूनबुजून आपला अहंकार त्याच्या स्वाधीन करितो. बालक स्वेच्छेने येत नाही. त्यास पाठविले जाते. ज्याचे ‘मी’पण अजून उमलावयाचे आहे, त्याच्याकडून आत्मविसर्जन मागणे हा अन्यायच होय. प्रेमाच्या नावाखाली शिक्षक मुलास आपली प्रतिकृती बनवू लागला, तर ते प्रेम नसून सूक्ष्म स्वामित्व आहे. आणि प्रेमळ बंधनातून सुटणे मुलास छडीच्या धाकातून सुटण्याहूनही कठीण जाते.

म्हणून सूफींची ‘फना’, म्हणजे अहंतेचा लय, शाळेत कोणी साधावयाची असेल तर ती शिक्षकाने. मुलाच्या पाटीवरील कोरी जागा दिसताच ती भरण्याची घाई त्याने करू नये. हसन यांनी ज्ञानाची मर्यादा प्रामाणिकपणे कोरी ठेविली, म्हणूनच गुरूंचे साहाय्य सार्थ झाले. मुलालाही तसे निर्भयपणे ‘येत नाही’ म्हणता यावे, एवढी सन्मुखता ज्या शिक्षकापाशी आहे, त्याचे अध्यापन हीच उपासना होय.