नियत कर्म आणि वृद्धसेवेचा भार

नियत कर्म मोहाने टाकले तर तो त्याग तामस आणि शरीरास क्लेश होतील या भयाने टाकले तर तो राजस, असा निर्णय भगवंतांनी अठराव्या अध्यायात दिला आहे. माता-पित्यांची सेवा हे नियत कर्म होय, याविषयी दुमत नाही. मग अंथरुणास खिळलेल्या पित्यास शुश्रूषेसाठी वृद्धाश्रमात ठेवणारा पुत्र कोणत्या कोटीत बसतो?

हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. जबलपुरास १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना सुरू झाला, १९५६ साली मध्यप्रदेशाचे उच्च न्यायालय आले. नोकरीच्या निमित्ताने तेथे स्थिरावलेल्या मराठी घरांतील मुले आज दूरच्या शहरी आहेत आणि मागे राहिलेल्या वृद्धाच्या हाती बेताचे निवृत्तिवेतन आहे. त्यास निर्धन म्हणता येत नाही आणि शुश्रूषेचा पूर्ण खर्चही त्यास झेपत नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ साली झालेल्या कायद्यात जिल्ह्यास निदान १५० जणांचे एक वृद्धाश्रम कल्पिले आहे. परंतु ते निर्धनांसाठी, आणि तेही राज्याने ‘काढलेच पाहिजे’ असे नसून ‘काढता येईल’ असे. २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना आयुष्मान भारत योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात, पण ते रुग्णालयातले. कूस बदलून देणे, घास भरवणे यांची गणना उपचारांत होत नाही.

वस्तुतः खर्चाचे मूळ अन्नात नसून राबणाऱ्या हातांत आहे. अहोरात्राच्या आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या केल्या, तर घरी एका रुग्णामागे तीन माणसे लागतात. तीच तिघे सहा खाटांच्या दालनात सहा जणांची सेवा करतील, तर वेतनाचा भार प्रत्येकी सहावा हिस्सा होतो. घरी ही तिन्ही माणसे बहुधा एकच असते, आणि ती घरची सून असते! तिचे श्रम कोणी हिशेबात धरीत नाही, म्हणूनच घरची सेवा स्वस्त वाटते.

तेव्हा जागा बदलल्याने कर्म सुटत नाही. एका भावाने दरमहा खर्च सोसावा आणि दुसऱ्याने दिवाळीस येऊन पाया पडून जावे, हा मात्र राजस त्यागच होय. कायदाही निर्वाहाचा भार सर्व अपत्यांवर घालतो, मुलींवरही.

आणि ज्यास अपत्यच नाही त्याचे काय? सतराव्या अध्यायात सात्त्विक दान सांगताना, प्रत्युपकार करू न शकणाऱ्यास दिलेले, अशी खूण दिली आहे. वाचा गेलेला वृद्ध तर आशीर्वादाचा शब्दही देऊ शकत नाही! ग्वारीघाटावर पर्वकाळी दीपदान होते, अन्नदान होते; त्यात न्यून काही नाही. परंतु खाटेचा खर्च पर्वापुरता नसतो, तो महिन्याच्या महिन्यास येतो. त्याच घाटावर भेटणाऱ्या दहा गृहस्थांनी एका खाटेचा भार दहा हिश्शांनी उचलला आणि पहिल्या तारखेस आपापला हिस्सा पोहोचविला, तर तो वृद्ध कोणाचा कोण, हे विचारण्याचे कारणही उरत नाही.