फिरणारे वर्तुळ



माझी आजी इंदूरला राहते. तिचा मोबाईल आठ वर्षांपूर्वीचा. दर रविवारी सकाळी ती देवघरासमोर बसून त्यावर प्रवचन लावते. चार वाक्ये होतात न होतात तोच पडद्यावर वर्तुळ फिरू लागते आणि फोन तापतो.

सुट्टीत गेलो तेव्हा मी त्यामागचे कारण पाहिले. व्हिडिओ लहान लहान तुकड्यांनी येतो. पुढचा तुकडा वेळेत पोचला नाही की वर्तुळ फिरते. शिवाय व्हिडिओ आटोपशीर करून पाठवण्याच्या नव्या पद्धती जुन्या फोनमध्ये नसतात, त्यामुळे प्रोसेसरवर भार पडतो. मी सेटिंगमध्ये ७२० चे १४४ केले. चित्र धूसर झाले, पण आवाज बराच सलग येऊ लागला.

मी म्हणालो, “आजी, नवीन फोन घेऊ या. यात नीट दिसतसुद्धा नाही.”

“अरे, मला ऐकायचंय,” ती म्हणाली.

अधूनमधून वर्तुळ फिरायचेच. तेवढ्या वेळात ती आधीचे वाक्य मनाशी पुटपुटत राही.

प्रवचन क्षमेवर होते. मीही तेच माझ्या नव्या फोनवर लावले होते. संपल्यावर आजीने विचारले, “तुला त्यातलं काय पटलं?” मला एक वाक्यही सांगता आले नाही. मधेच मी मेसेज पाहिले होते, क्रिकेटचा स्कोअर पाहिला होता. माझ्या पडद्यावर काहीच अडले नव्हते, अडले होते माझे मन.

त्याच संध्याकाळी आजीने त्याच जुन्या फोनवरून धाकट्या जाऊबाईंना फोन केला. दोघींत दोन वर्षे अबोला होता.

नवविधा भक्तीत पहिले स्थान श्रवणाचे आहे. श्रवणानंतर मनन आणि मग आचरण. आजीच्या फोनने तिला मननासाठी सवड दिली. माझ्या फोनने मला ती सवड दिली असती तरी मी घेतली नसती.

आपलाही फोन जुना असेल तर व्हिडिओची गुणवत्ता कमी ठेवावी, शक्य असेल तिथे वायफायवर आधीच डाउनलोड करून घ्यावे. मात्र सुरक्षेचे अपडेट बंद झालेल्या फोनवरून बँकेचे व्यवहार टाळावेत. गरज असेल तर फोन जरूर बदलावा. पण या रविवारी प्रवचन संपल्यावर एक वाक्य वहीत लिहावे आणि ते आठवडाभर जगून पाहावे.

एवढीच नम्र विनंती.