देवाची इच्छा की आपली कसूर?



तान्हे बाळ दगावले की 'देवाला आवडले' असे आपण म्हणतो. त्या आईला धीर द्यायला दुसरे शब्दच सुचत नाहीत. पण जे जे घडते ते सारे देवाच्या इच्छेनेच घडते का? की आपल्या हातून जे व्हायला हवे होते आणि झाले नाही, त्याचाही भार आपण देवावर टाकतो? स्कॉटलंडच्या एका दूरच्या बेटाची हकीकत या प्रश्नावर विचार करायला लावते.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, अटलांटिक महासागरात सेंट किल्डा हा लहानसा द्वीपसमूह आहे. त्यातील हिर्टा बेटावर माणसे राहत. दोरखंडाच्या आधाराने उंच कड्यांवर उतरून समुद्रपक्षी व अंडी गोळा करणे, मेंढ्या पाळणे, थोडेफार धान्य पिकवणे, हेच त्यांचे जीवन. हिवाळ्यात महिनोन्महिने बोट येत नसे. लोक प्रॉटेस्टंट, फ्री चर्चचे. रविवार ते अतिशय कडकपणे पाळत.

या श्रद्धाळू बेटावर एकोणिसाव्या शतकात दर तीन नवजात बाळांपैकी साधारण दोन बाळे जगत नसत. जन्मानंतर काही दिवसांतच त्यांचा जबडा आवळे, दूध ओढता येईना आणि आठवड्याभरात सारे संपे. लोक त्याला 'आठ दिवसांचा आजार' म्हणत. तो नवजात बाळांचा धनुर्वात होता. आयाबायांनी तो देवाची इच्छा म्हणून स्वीकारला होता.

त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. ज्या दुःखावर उपाय ठाऊक नाही, ते देवाच्या चरणी ठेवणे हीच श्रद्धा. त्या श्रद्धेच्या बळावरच त्या माता पुन्हा उभ्या राहिल्या.

१८८९ साली रेव्हरंड अँगस फिडिस तेथे धर्मसेवेसाठी आले. बाळांचे मृत्यू त्यांनी पाहिले. तेही प्रार्थना करणारेच होते. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. जोसेफ लिस्टर यांनी १८६० च्या दशकात ज्या ग्लासगो शहरात जंतुनाशक पद्धत सुरू केली होती, तेथे जाऊन बाळाची नाळ स्वच्छ कशी राखावी हे ते शिकले. परत येऊन त्यांनी ती पद्धत बेटावर आणली. जुनी रीत सहजासहजी सुटली नाही. तरी त्यांनी चिकाटी सोडली नाही. १८९० च्या दशकात हे मृत्यू थांबले.

मग आधीची बाळे गेली ती कोणाच्या इच्छेने? देवाची इच्छा तर बदलली नव्हती. बदलली ती माणसाची दृष्टी. जन्मांध माणसाला पाहून पाप कोणाचे, असे शिष्यांनी विचारले, तेव्हा प्रभू येशू दोष शोधत बसला नाही. त्याने त्या माणसाला दृष्टी दिली. देवाची इच्छा पूर्ण व्हावी अशी प्रार्थना आपण रोज करतो. ती पूर्ण करण्यासाठी देव आपलेच हात मागत असेल तर? मिस्साच्या आरंभी आपण केलेल्या पापांबरोबर न केलेल्या कर्तव्यांचीही क्षमा मागतो, ती यासाठीच.

मात्र माणसाच्या प्रयत्नाने सारेच साधते असेही नाही. बाळे वाचली, तरी बेट वाचले नाही. पहिल्या महायुद्धानंतर तरुण बाहेर पडत गेले, हात कमी पडू लागले. शेवटी रहिवाशांनीच सरकारकडे विनंती केली आणि २९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेल्या ३६ जणांनी बेट कायमचे सोडले. निघताना त्यांनी घराघरांत बायबल उघडून ठेवले होते.

शक्य ते सारे करून झाल्यावर हात जोडणे म्हणजे समर्पण. काहीच न करता हात जोडणे म्हणजे कसूर. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. फरक आपल्याला आणि देवाला ठाऊक असतो. आजारी शेजारी, एकाकी पडलेले वृद्ध, व्यसनात बुडालेला मुलगा, यांच्याविषयी 'देवाची मर्जी' म्हणण्याआधी आपण स्वतःला विचारू या : आपण आपल्या ग्लासगोला जाऊन आलो का?

हे प्रभो, जे बदलता येईल त्यासाठी आम्हाला कष्ट करण्याची बुद्धी दे आणि जे बदलता येणार नाही ते तुझ्या हाती सोपवण्याची श्रद्धा दे. आमेन.