कळते, पण वळत नाही

दर रविवारी मिस्साच्या सुरुवातीला आपण छातीवर हात ठेवून आपले अपराध कबूल करतो. त्यांतला कोणता अपराध पाप आहे हे आपल्याला ठाऊक नसते? सख्ख्या भावाशी वाटणीवरून धरलेला अबोला चुकीचा आहे हे कोणी सांगावे लागत नाही. तरीही शांतिदानाच्या वेळी आपण शेजारच्या अनोळखी माणसाला हसून नमस्कार करतो आणि दोन बाक पुढे बसलेल्या भावाकडे पाहत नाही. कळते, पण वळत नाही! असे का होते? हा प्रश्न ख्रिस्तजन्मापूर्वी चारशे वर्षे ग्रीस देशातील अथेन्स नगरीत मोठ्या हिरिरीने चर्चिला गेला होता.

सॉक्रेटिसचे उत्तर ऐकून आपण चकित होतो. तो म्हणे, असे होतच नाही. जाणूनबुजून कोणी वाईट करीत नाही. चोराला चोरीत आपले भले दिसते, म्हणून तो चोरी करतो. त्यात स्वतःच्या आत्म्याचेच नुकसान आहे हे त्याला खरोखर कळले, तर त्याचा हात पुढे होणार नाही. म्हणजे सद्गुण हे ज्ञानच आणि दुर्गुण हे अज्ञान.

हे भाबडेपणाचे वाटते खरे. पण बोलणारा माणूस भाबडा नव्हता. इ. स. पूर्व ३९९ मध्ये, वयाच्या सत्तरीत, देवांचा अनादर करणे आणि तरुणांना बिघडवणे या आरोपांखाली त्याला मृत्युदंड झाला. क्रायटो नावाच्या मित्राने तुरुंगातून पळून जाण्याची सोय केली होती. सॉक्रेटिसने त्याच्याशी शांतपणे चर्चा केली, पळणे योग्य नाही असे ठरवले आणि वेळ आल्यावर विषाचा प्याला घेतला. त्याच्या बाबतीत कळणे आणि वळणे यांत अंतर नव्हते. आपल्यासारख्यांची अडचण त्याला समजली नसावी, असे आम्हाला वाटते.

ती समजली त्याच्या शिष्याला, प्लेटोला. आपल्या ‘रिपब्लिक’ या ग्रंथात त्याने लिओंटियस नावाच्या माणसाची हकिकत दिली आहे. पिरेयस बंदराकडून अथेन्सला येताना तटाबाहेर त्याला मारेकऱ्याजवळ पडलेली प्रेते दिसली. पाहावेसेही वाटे आणि किळसही येई. बराच वेळ त्याने तोंड झाकून घेतले. शेवटी हार खाल्ली, डोळे फाडून तिकडे धावला आणि आपल्याच डोळ्यांना शिव्या देत म्हणाला, घ्या, पोटभर पाहून घ्या! रस्त्यावरच्या अपघाताभोवती मोबाईल उंचावून उभी राहणारी गर्दी पाहिली की हा लिओंटियस आठवतो. प्लेटो म्हणतो, आत्मा एकसंध नाही. त्यात विवेक आहे, तेज आहे आणि वासना आहे. विवेकाला दिसते, पण लगाम त्याच्या हाती असेलच असे नाही. (रथ, घोडे आणि सारथी यांची उपमा प्लेटोकडे आहे, तशीच आपल्या कठोपनिषदातही आहे.) ज्ञान, धैर्य, संयम आणि न्याय हे त्याने सांगितलेले चार सद्गुण आपल्या मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गात भेटतात, पण त्यांचा हा जुना पत्ता त्यांना क्वचितच कोणी सांगते.

प्लेटोच्या अकादमीत वीस वर्षे काढलेला ॲरिस्टॉटल हा वैद्याचा मुलगा. म्हणून की काय, त्याची उदाहरणे रोग्यांची आहेत. सद्गुणांवर नुसती चर्चा करणारे लोक, तो म्हणतो, वैद्याचे बोलणे लक्षपूर्वक ऐकून पथ्य मात्र काहीच न पाळणाऱ्या रोग्यांसारखे आहेत. प्रवचन ऐकून ‘फादर छान बोलले’ म्हणत घरी जाणाऱ्या आपल्याला हे वाक्य झोंबायला हवे. मोहाच्या क्षणी माणसाजवळ ज्ञान असते, पण दारूच्या नशेत एम्पेडोक्लिसच्या ओळी घडाघडा म्हणणाऱ्यासारखे. शब्द बरोबर, अर्थ आत पोहोचलेला नाही. मग उपाय कोणता? सवय. वीणा वाजवूनच वादक होतो, तसे न्यायाने वागूनच माणूस न्यायी होतो. भावाबद्दल प्रेम वाटेल तेव्हा बोलू, असे म्हणणारा कधीच बोलत नाही. आधी बोलावे लागते, मग हळूहळू वाटू लागते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी या ग्रीक गुरूचा किती आदराने स्वीकार केला! त्याचा उल्लेख ते नुसता ‘तत्त्वज्ञ’ असा करीत.

संत पौल अथेन्सला गेले, तेव्हा एपिक्युरियन आणि स्टोइक तत्त्वज्ञांशी त्यांचा वाद झाला, हे प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात आपण वाचतो. पण आपल्या प्रश्नावर ते रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात बोलतात. जे चांगले करावेसे वाटते ते हातून होत नाही आणि नको असलेले वाईट मात्र होते, ही त्यांची व्यथा आहे. येथे ते सॉक्रेटिसच्या विरुद्ध आणि लिओंटियसच्या शेजारी उभे आहेत. फरक एवढाच की लिओंटियस स्वतःच्या डोळ्यांवर ओरडतो, तर पौल विचारतात की मला कोण सोडवील.

ॲरिस्टॉटलकडे हा प्रश्न नाही. लहानपणापासून चांगले वळण लागलेल्यांनीच आपली व्याख्याने ऐकावीत, अशी त्याची अट होती. वळण बिघडलेल्याला त्याच्याकडे फारशी आशा नाही आणि गुलामाला तर सुखी जीवनात वाटाच नाही. सवयीचे महत्त्व आम्ही मानतो. घरी सायंप्रार्थनेला मुलांना बसवतो ते त्यासाठीच. पण कालवरीवर प्रभू येशूच्या शेजारी खिळलेल्या त्या चोराजवळ सवय लावून घ्यायला किती वेळ उरला होता? हात खिळलेले, आयुष्य गैरमार्गात गेलेले. त्याने फक्त मान वळवली आणि आपली आठवण ठेवण्याची विनंती केली. आणि त्याच दिवसाचे वचन त्याला मिळाले.