आठशे ओहमांचा हट्ट

जुन्या वस्तूने नव्या जगाशी जुळवून घ्यावे, की जिला ती वस्तू हवी आहे त्या व्यक्तीने तिच्याशी? प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु कोलकात्यास नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांच्या घरी तो मध्यंतरी हातघाईवर आला. वडिलांच्या पश्चात त्यांच्याकडे फिलिप्सचा एक जुना लाउडस्पीकर आला. नव्या अँप्लिफायरला जोडून बटण शेवटापर्यंत फिरवावे, तेव्हा कोठे आवाज खोलीभर होई, आणि त्याच क्षणी फाटे. कारागिराने निदान केले, "म्हातारा झाला, आतली कॉइल काढून आठ ओहमांची बसवू."

निदान चुकीचे होते. १९५०च्या दशकात फिलिप्सने ८०० ओहमांचे स्पीकर काढले ते हेतुपुरस्सर. व्हॉल्व मोठ्या दाबाने अल्प प्रवाह देतो. एरवी स्पीकरशी त्याचा मेळ घालण्यास मध्ये जड ट्रान्सफॉर्मर लागतो. तो मध्यस्थ गाळावा म्हणून केसासारख्या बारीक तारेचे वेढे देऊन स्पीकरच व्हॉल्वच्या स्वभावाचा केला. आजचे ट्रान्झिस्टरचे यंत्र उलट प्रकृतीचे. आठ ओहमांवर ५० वॅट देणाऱ्या यंत्राचा दाब २० व्होल्ट. तेच २० व्होल्ट ८०० ओहमांवर जेमतेम अर्धा वॅट देतात. दोघेही निरोगी आहेत. आपण मात्र अशा वेळी म्हाताऱ्यालाच रोगी ठरवतो. बदलीच्या गावी नुकत्याच रुजू झालेल्या माणसास हे निराळे सांगावयास नको.

कॉइल बदलली असती तर आवाज मोठा झाला असता. पण तो कोणाचा? वडिलांनी ऐकलेला सूर हाच काय, हे सांगण्यास साक्षीदारच उरला नसता. जो बदल उलटवता येतो, तीच दुरुस्ती असे आम्हांस वाटते. उलटपक्षी, शुद्धतेपायी वस्तू मुकी ठेवणे हीही एक क्रूरताच; आमचे स्नेही काही दिवस त्याच वाटेवर होते.

मूळचा व्हॉल्वचा जोडीदार मिळणे कठीण. एकास दहा वेढ्यांचा ट्रान्सफॉर्मर नव्या यंत्रापुढे जोडणे हा एक मार्ग. दुसरा अधिक साधा: रेल्वे फलाटांवर घोषणांसाठी असतो तसला १०० व्होल्टांच्या लाइनचा अँप्लिफायर. १०० व्होल्टांवर ८०० ओहम म्हणजे साडेबारा वॅट. नादाचे दर्दी नाक मुरडतील, मुरडोत बापडे. स्नेह्यांनी जुन्या बाजारातून तसलाच एक आणला.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी आवाज कोणाला चढवू दिला नाही. रेकॉर्ड संपेपर्यंत बोट बटणावर ठेवूनच ते बसले होते.