वारं किती घ्यावं

आखाड्यावर मी पत्र्याचा जुना ड्रम उभा चिरला आणि दोन्ही अर्धुकं थोडी सरकवून मधल्या दांड्याला जोडली. ही युक्ती फिनलंडच्या सिगुर्ड सॅव्होनिअसची, १९२०च्या दशकातली. उभ्या दांड्याचं हे चक्र कुठूनही आलेलं वारं घेतं. आषाढात गरगरतं, खोपीत एक दिवा लागतो. आमच्या सोनपेठच्या शिवारात एवढंही पुष्कळ.

शेजारचे अण्णा म्हणाले, "सगळंच वारं धरता येतंय का रं?"

"न्हाई अण्णा."

जर्मनीच्या आल्बर्ट बेट्झनं याचा हिशेब मांडला : वाऱ्याच्या शक्तीतला ५९.३ टक्क्यांहून जास्त वाटा कुठल्याच चक्राला मिळत नाही. सगळी शक्ती काढली तर वारं तिथंच थांबेल. मग मागून येणाऱ्याला वाट कुठली? थोडं पुढं जाऊ द्यावं, तरच नवं येतं.

पाण्याला हा धाक नाही. बोअर शेवटच्या थेंबापर्यंत उपसू देतं. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. दुष्काळ खराच; पण जमिनीतलं आपण आधीच किती ओढलं होतं!

अण्णांचा सवाल रोकडा होता : "बाजूचा उपसतोय, मग म्या का थांबू? पोरीचं लगीन उसावरच हाय."

एकट्यानं थांबून पाणी वाचेलच असं नाही, हे मान्य. पण शेजाऱ्याची हाव दाखवून आपली झाकत नाही. वारं आपला हात धरतं, तिथं संयमाचं श्रेय आपलं नाही. पाणी धरत नाही. तिथं गावानं बसून ठरवावं लागतं, आणि कुणीतरी आधी बोलावं लागतं.